बिनदोरीचा पाळणा

"आई परड्यात आहे न्हवं?" टेम्पोतून उतरताच शशीने मला पहिलं हेच विचारलं.

"आहेत. का?"

"मग आधी आत घेऊ. बघितल्यावर काय बोलायची ती बोलू दे."

खोकं एवढं मोठं होतं की उंबऱ्यात अडकलं. टेम्पोवाल्याने आणि शशीने ते आडवं करून, तिरकं करून, शेवटी दाराची कडी काढून आत घेतलं. मी पोट सांभाळत भिंतीला टेकून बघत उभी होते. सातवा लागून थोडेच दिवस झाले होते. फाल्गुनातलं ऊन, सगळ्या तासगावात द्राक्षं वाळत घातलेली, आणि वाऱ्याबरोबर बेदाण्याच्या शेडचा तो तेलकट गोड वास घरात येत होता. मला तेव्हा तो वास सोसत नसे.

शशीचं बसस्टँडमागे मोटर रिवायंडिंगचं दुकान. जळलेल्या मोटरी येत, हा तांब्याची तार गुंडाळून त्यांना पुन्हा उभं करी. त्यामुळे फिरणारी, हलणारी, दिवे लागणारी कुठलीही वस्तू दिसली की हा तिच्यापुढे लहान मूल होई. दिवस राहिल्याचं कळल्यापासून घरात एकेक गोष्ट येऊ लागली होती. दूध कोमट ठेवायचं यंत्र आलं. पोटाशी बाळ बांधून फिरायची पिशवी आली. बाळाला बसवून अंघोळ घालायची प्लास्टिकची खुर्ची आली. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, प्रत्येक वेळी म्हणत, "पोर यायच्या आदी पोराचं दुकान आलं."

आणि आता हा पाळणा.

शशीने पाने काढले, जमिनीवर बसला आणि अर्ध्या तासात पाळणा उभा केला. पांढरा, गुळगुळीत, खाली मोटर, वर जाळीचं छत. दोरी कुठेच नव्हती. बाजूला चाळणीसारखी बारीक भोकं होती, त्यांवर बोट ठेवून तो म्हणाला, "हा ह्याचा कान."

"कान?"

"बाळ रडलं की ह्याला ऐकू जातं. मग आपोआप हलतो, गाणं लावतो. बाळ गप झालं की थांबतो. लाइट गेली तरी आत बॅटरी आहे."

तेवढ्यात आत्याबाई परड्यातून आल्या. ओच्यात मेथी होती. त्या दारातच थबकल्या.

"ह्ये काय?"

"पाळणा."

"त्ये दिसतंय मला. दीस भरायच्या आदी पाळना घरात? आनि पाळना काय बापानं आनायचा आसतो व्हय रं? पाळना म्हायेरनं येतो."

"हा माहेरचाच आहे."

"कुनाच्या?"

शशीने पाना खाली ठेवला. "वैजूच्या," तो माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला.

माझी आई मी बारावीत असतानाच गेली होती. वडिलांनी दुसरा संसार मांडला, भाऊ कधीचा घर सोडून गेला. लग्नानंतर मिरजेला माहेरी जायला मला कारणच उरलं नव्हतं. पाळणा कोण आणील हे मी कुणाला विचारलं नव्हतं. पण मनातून काढूनही टाकलं नव्हतं. शशीला ते न सांगता कळलं होतं, आणि ते त्याने आपल्या रीतीने, मोटर लावून, पुरं केलं होतं.

आत्याबाईंनी मेथी सुपात टाकली. "बरं. हालीव बगू," त्या म्हणाल्या.

शशी गुडघ्यावर बसला, तोंड त्या भोकांजवळ नेलं आणि तान्ह्या बाळासारखा रडला. इतका हुबेहूब, की मला हसू आवरेना. पाळणा एकदम हलू लागला. कुठलीशी इंग्रजी चाल किणकिणू लागली. मी पोट धरून हसत होते. आत्याबाई मात्र झपकन पुढे झाल्या आणि त्यांनी दोन्ही हातांनी पाळण्याची कड धरली.

"थांबीव. आदी थांबीव त्याला."

"अगं काय झालं?"

"रिकामा पाळना हालवतोस? सोताच्या पोराचा?"

आत जाऊन त्यांनी वरवंटा आणला. धुऊन, पदराने पुसून, आपल्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात तो नीट गुंडाळला. वरचं टोक बाळाच्या तोंडासारखं मोकळं ठेवलं. बारशाला बाळाच्या आधी वरवंट्याला पाळण्यात घालतात ना, अगदी तसा. मग तो पाळण्यात ठेवून त्या म्हणाल्या, "आता हालू दे."

"आणि चटणी कशावर वाटायची?" शशी म्हणाला.

"मिक्सर हाय की तुजा. त्यो तरी कुटं गप बसतोय."

आजही दुकानात कुणी नवा बाप येतो आणि शशीला विचारतो, बाळासाठी काय काय घेऊ. शशी मान खाली घालून तार गुंडाळत राहतो. "काही घेऊ नका," एवढंच म्हणतो. लोकांना वाटतं, हा चिक्कू आहे.

*

पाळणा आला त्याच आठवड्यात माझ्या पोटात कळ आली. ती वेळेची नव्हती. तासगावच्या डॉक्टरीणबाईंनी हात लावला आणि म्हणाल्या, इथे थांबू नका, सांगली गाठा. पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. गाडीतला शशीचा थंड हात. डोक्यावरचा पांढरा दिवा. आणि एक बारीकसा आवाज, मांजराचं पिल्लू भिंतीपलीकडे म्यांवलं तर येईल तसा. मी विचारलं, हा कुणाचा आवाज. नर्स म्हणाली, तुमच्याच मुलीचा.

मला ती एकदाच दाखवली, कापडात, घाईत. मग काचेच्या पेटीत नेली.

टाके सुकल्यावर मला घरी सोडलं. तिला नाही. बाळंतीण घरी निघाली आणि मांडी रिकामी, ही गोष्ट माझ्या अंगाला कळतच नव्हती. गाडीत मी दोन्ही हात पुढे घेऊन बसले होते. तासगाव आल्यावर शशीने ते हळूच खाली केले.

दारात आत्याबाई भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. आई-बाळावरून ओवाळून टाकायचा असतो तो. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हातांकडे. तुकडा हातातच राहिला. मग त्यांनी तो माझ्या एकटीवरून ओवाळला आणि लांब टाकला.

मी आत आले. सोप्यातल्या त्या पाळण्यात बाळ निजलेलं होतं.

लुगड्याच्या मऊ तुकड्यात गुंडाळलेलं, तोंडाशी जरा मोकळं. मला वरवंट्याची आठवण उरली नव्हती. कुठून असेल? मी दोन पावलं पुढे झाले, वाकले आणि मला काळा दगड दिसला.

मी ओरडले की रडले, ते मला सांगता येणार नाही. पण पाळण्याला ते ऐकू गेलं. तो हलू लागला. ती किणकिण सुरू झाली. दगड इकडून तिकडे डुलू लागला. मी जास्तच रडले आणि तो जास्तच हलला. शशीने धावत येऊन वायर उपटली, तरी तो थांबेना, आत बॅटरी होती. शेवटी त्याने पाळणा दोन्ही हातांनी कवटाळून धरला. मोटर आतल्या आत कण्हत राहिली. मी तोंडात पदर कोंबला, तेव्हा ती गप झाली.

"काढा तो," मी म्हणाले.

"काय काढू?" आत्याबाईंनी विचारलं.

"तो दगड काढा आधी."

"आनि रिकामा ठिवू?" त्या जवळ आल्या, पण मला हात लावला नाही. "पोरी, तिचा जीव तिकडं पेटीत. हितं तिचा पाळना रिकामा ठिवू मी? माजा हात व्हनार न्हाई."

"मग पाळणाच सोडवतो. माळ्यावर टाकतो," असं म्हणून शशीने पाना उचलला.

"शशा." त्या एवढंच म्हणाल्या. मग थांबून म्हणाल्या, "पोर पेटीत आसताना पाळना मोडायचा आसतो व्हय?"

शशीच्या हातातला पाना तसाच राहिला. मोठमोठ्या मोटरी उघडून ठेवणारा माणूस. त्याने माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि पाना खिशात घातला. पाळणा मोडायचा नव्हता, रिकामा ठेवायचा नव्हता आणि त्याकडे बघवतही नव्हतं.

"वायर काढून ठेवलीय. बॅटरी उतरेल आपोआप," शशी म्हणाला.

उतरेपर्यंत आम्ही सोप्यात हळू बोलत होतो. कुणाला भरून आलं तर ते मागे धुण्याच्या दगडापाशी जाई. मी तिथे गेले की कधी कधी शशी आधीच बसलेला असे. मग मी परत फिरे.

*

रोज सकाळी आम्ही दोघं सांगलीला जात असू. माझ्या पिशवीत दुधाची इवलीशी बाटली असे. माझं दूध तिला नळीने, थेंबाथेंबाने देत. दवाखान्यात हात धुवायचे, वरून झगा घालायचा, मग त्या खोलीत जायचं. आत फक्त आई आणि बाप. बाकी कुणी नाही. आत्याबाई पहिल्याच दिवशी एसटीने आल्या होत्या, दारावरूनच परत गेल्या होत्या. दारावरच्या माणसाने नीट सांगितलं होतं, आजी, आत बारकी बारकी पोरं आहेत, बाहेरचा वारा चालत नाही.

"मी काय वारा हाय व्हय रं?" त्या त्याला म्हणाल्या म्हणे. पण परत आल्या आणि पुन्हा गेल्या नाहीत.

त्यानंतर त्या बेदाण्याच्या शेडवर निवडायच्या कामाला जात, दुपारी येत, आणि आम्ही आलो की पाण्याचा तांब्या पुढे करून विचारत, "कशी हाय?"

"बरी आहे."

"म्हंजी कशी?"

"सुरकुतलेली."

"बेदाण्यागत?"

"हो."

"मग ग्वाड निगंल," त्या म्हणत आणि चुलीकडे वळत.

शशीने एकदा मोबाइल पुढे केला. "आई, फोटो काढलाय. बघ तरी."

त्यांनी तोंड फिरवलं. "बारशाच्या आदी पोराचा फोटू बगू न्हाई."

"असं कुठं असतं?"

"आसतं," त्या म्हणाल्या. असतं की नाही, मला माहीत नव्हतं. मला एवढंच दिसलं, की त्यांनी तोंड फिरवलं ते घाईने, पोळल्यासारखं.

दवाखान्यात एक ग्लोरी सिस्टर होत्या, मिरजेच्याच. हात चालू ठेवून बोलत. एके दिवशी त्या म्हणाल्या, "ताई, नुसतं बघत काय बसता? बोला तिच्याशी. एखादं गाणं म्हणा. आवाज ओळखतात ही पोरं."

मी पेटीच्या काचेतल्या गोल दारातून हात आत घातला. माझ्या बोटाएवढा तिचा हात होता. मी तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. शाळेतल्या कविता आठवत होत्या, सिनेमातली गाणी आठवत होती, पण तिला म्हणण्यासारखं माझ्यापाशी काही नव्हतं. आईकडून घ्यायचं ते घ्यायच्या आतच आई गेली होती.

घरी येऊन मी आत्याबाईंना म्हणाले, "मला एक ओवी शिकवा."

गल्लीत कुणाचंही बारसं असलं, कुणाची हळद असली की आत्याबाईंना बोलावणं ठरलेलं. त्यांच्या ओव्या ऐकायला बायका जेवणं उरकून बसत. चालता बोलता त्या ओवी करत. कुणाची खोड काढायची तरी ओवीतच.

"मला आता काय याद न्हाई," त्या म्हणाल्या.

"एक तरी असेल."

"न्हाई म्हनलं न्हवं? पेटीतल्या पोरीला कसली ओवी? घरी येऊ दे. मांडीवर येऊ दे. मग बगू."

मला राग आला. एवढं भरलेलं तोंड आणि माझ्या पोरीसाठी एक ओळ नाही. मी त्या दिवशी जेवले नाही. त्यांनी ताट झाकून ठेवलं.

*

मग तो दिवस आला.

सकाळी गेलो तर पेटीभोवती माणसं. तिचा श्वास मध्येच थांबत होता. मोठे डॉक्टर येऊन गेले, पुन्हा नळ्या लावल्या, पुन्हा श्वासाचं यंत्र लावलं. आम्हाला बाहेर बसवलं. दुपार कलल्यावर डॉक्टर म्हणाले, "आत्ता काही सांगता येणार नाही. एकानं थांबा, एकानं घरी जा. ताई ओल्या बाळंतीण आहेत, त्यांना पाठवा."

"मी जाणार नाही," मी म्हणाले.

"वैजू, जा," शशी म्हणाला. "दोघं बसून काय करणार आहोत? मी इथंही काही करत नाहीये. पण मी आहे."

मला तो काय म्हणतोय ते कळत होतं. एसटीत बसले. खिडकीतून द्राक्षाच्या बागा मागे पळत होत्या, घड उतरवलेल्या, मोकळ्या मोकळ्या. आत्याबाईंना काय सांगायचं, याची मी वाटेत जुळणी करत होते. घरापाशी आले आणि मला ती किणकिण ऐकू आली.

तीच चाल. पाळण्याची. बॅटरी तर कधीच उतरली होती.

दार लोटलेलं होतं. फटीतून मी बघितलं. वायर भिंतीत लावलेली होती. पाळणा हलत होता. आत्याबाई त्याच्याशेजारी मांडी घालून बसल्या होत्या, शेडवरच्या कामाचा बेदाण्याचा चिकटा अजून हातांवर होता, आणि त्या गात होत्या.

बिनदोरीचा पाळना
कुनी हालवला बाई
दगडाच्या तान्ह्यापाशी
बसली ग आजीबाई

त्यांचं गाणं त्या चाळणीतून आत जात होतं आणि पाळणा हलत होता. त्या थांबल्या की तोही मंद होई. मग त्या पुन्हा ओळ ओढत.

लेकाच्या लेकीचं गं
त्वांड डोळ्याला दिसंना
सांगलीच्या काचपेटीचं
दार मला उगडंना

मग त्यांनी वाकून तो वरवंटा उचलला. एक हात खाली, एक हात डोक्याखाली, तान्हं उचलतात तसा. खांद्यावर घेतला. पाठीवरून हात फिरवावा तसा फिरवला, थोपटला. किती तरी वेळ थोपटत राहिल्या. पुन्हा तसाच अलगद खाली ठेवला, लुगड्याचा तुकडा सारखा केला.

मी दार ढकललं. त्यांनी वर बघितलं. दचकल्या नाहीत, उठल्याही नाहीत.

"वायर तुम्ही लावलीत?"

"व्हय."

"रोज?"

"तुमी सांगलीला गेल्यावर." त्यांनी पदराने हात पुसले. "रागावू नको, वैजू. तू डोळं मिटलंस तर तुला ती दिसती. शशाला दिसती. मी कुनाची आटवन काडू? मी तिला बगितलीच न्हाई. डोळं मिटलं की मला ह्योच दिसतोय." त्यांनी पाळण्याकडे हात केला.

"मग फोटो का नाही बघितला?"

त्यांनी वरवंट्यावरचा तुकडा पुन्हा सारखा केला. पाळणा थांबला होता.

"बगितली आन गेली, तर?" त्या म्हणाल्या. "ह्यो तर कुटं जात न्हाई."

मी खाली बसले. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या, आणि मला कळलं की आता विचारणार.

"तू एकटीच कशी आलीस गं?"

वाटेत जुळवलेलं सगळं माझ्या तोंडाशी आलं. बरी आहे. शशी जरा थांबलाय. डॉक्टर म्हणाले काळजी करू नका. यातलं काहीच बाहेर पडलं नाही. मी आत्याबाईंच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि रडले. मोठ्याने, धुण्याच्या दगडापाशी न जाता. आमच्या शेजारी पाळणा हलू लागला. आत दगड डुलत होता, ती मेली इंग्रजी चाल वाजत होती, आणि आम्ही दोघींपैकी कुणीही हात पुढे करून तो थांबवला नाही.

"हाय न्हवं?" त्यांनी एकदाच विचारलं.

"आहे. अजून आहे."

"मग हालू दे," त्या म्हणाल्या आणि माझ्या केसांतून हात फिरवत राहिल्या. त्यांचा हात केसांना चिकटत होता.

सकाळी पहिल्या एसटीने मी गेले. शशी बाकावर बसल्या बसल्या भिंतीला डोकं टेकून झोपला होता. ती होती. मी झगा घातला, हात काचेत घातला आणि म्हटलं. गळा माझा होता, चाल त्यांची होती, आणि जिच्यासाठी दार उघडत नव्हतं ती बाई तिकडे तासगावात बेदाणे निवडत होती. लेकाच्या लेकीचं गं, त्वांड डोळ्याला दिसंना. ग्लोरी सिस्टर हातातलं काम थांबवून ऐकत राहिल्या.

"कुणाचं हो हे?" त्यांनी विचारलं.

"तिच्या आजीचं."

"आजी कुठायत?"

"बाहेर. तुमच्या दाराच्या बाहेर."

"माझ्या हातात असतं तर, ताई," त्या म्हणाल्या आणि पुढच्या पेटीकडे गेल्या.

*

द्राक्षाचा हंगाम संपला, शेड रिकामी झाली, छाटण्या सुरू झाल्या. ती श्वास घ्यायला शिकली. मग नळीशिवाय प्यायला शिकली. मग एके दिवशी डॉक्टरांनी आम्हाला खुर्चीवर बसवलं आणि घरी कसं सांभाळायचं ते सांगितलं. उबेला जपायचं. येणारे-जाणारे नकोत. झबल्यात गुंडाळून बाजूला ठेवायचं नाही. उघड्या छातीशी धरायचं, कातडीला कातडी लावून, दिवसाचे जितके तास जमेल तितके.

"आणि पाळणा?" शशीने विचारलं. "घरी चांगला पाळणा आहे. आपोआप हलतो."

"पाळणा नको," डॉक्टर म्हणाले. "हिला हलवायचं नाही, धरायचंय. निदान वर्षभर तरी त्याचं नाव काढू नका. माणसं किती आहेत घरात?"

"तीन."

"पुरेत. आळीपाळीनं धरा."

शशीने मान हलवली. बाहेर आल्यावर तो पायरीवर थांबला. "धरणारे हात. तेवढंच एक तिला लागत होतं, आणि तेवढंच मी आणलं नव्हतं," तो म्हणाला. मला त्याला काही सांगायचं होतं, पण माझ्या छातीशी ती होती, आणि मला पायरीवर नीट पाय ठेवायचा होता.

घरी आलो. शशीने आदल्या दिवशीच आईला फोन करून सांगितलं होतं. दारात भाकरतुकडा तयार होता. आत्याबाईंनी तो आमच्यावरून ओवाळला, टाकला, आणि मग त्या मागे सरल्या. त्यांनी धुवट लुगडं नेसलं होतं. हात साबणाने इतके धुतले होते की बोटं पांढरी पडली होती.

"घ्या," मी म्हणाले.

"मी?"

"घ्या की."

"नगं. आदी तू बस. दमलीस."

"आई, घे," शशी म्हणाला.

त्या पुढे आल्या. दोन्ही हात पसरले. एक खाली, एक डोक्याखाली, जसे इतके दिवस त्या वरवंट्याला धरत होत्या तसे. कोपरं घट्ट, पाय जरा फाकलेले, ओझं पेलायला उभं राहावं तशा उभ्या. मी तिला त्यांच्या हातांवर ठेवलं.

त्यांचे हात एकदम वर उडाले.

इतक्या झटक्यात, की शशी पुढे झेपावला. पण त्यांनी तिला सावरली होती. त्या तशाच उभ्या राहिल्या, हात पार गळ्यापर्यंत वर आलेले, आणि तिच्याकडे बघत होत्या. पहिल्यांदाच बघत होत्या. कपाळ बघितलं, कान बघितले, कापड बाजूला सारून पायाची बोटं बघितली. मग त्यांनी ते दोन्ही हात पुन्हा जरासे खालीवर केले, घेतलेलं पुरतं हातात आलंय का हे बघावं तसे.

त्यांनी शशीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"वैजू," त्या हळूच म्हणाल्या, "समदी दिलीया न्हवं त्येंनी?"